बोटाने काढलेली आज्जी

इअरफोन नीट लावा, कारण आज मी आवाज जरा खाली ठेवूनच बोलणार आहे. शेजारच्या खोलीत बाबा झोपलेत.

झालं असं, की मध्यंतरी मी फोनवर काढलेली दोन-तीन चित्रं स्टेटसला ठेवली. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "कुठला टॅब घेतलास गं?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "एका चित्राचे किती घेतेस?" दोन्हीची उत्तरं एका ओळीत देता येतील. टॅब नाही, आणि काहीच घेत नाही. पण एवढ्यावर भाग संपवला तर तुम्ही मला शिव्या घालाल, म्हणून सविस्तर सांगते.

मी कोल्हापूरची. फार्मासिस्ट आहे, एका मेडिकल दुकानात दुपारी २ ते रात्री १० अशी ड्युटी करते. रोज डॉक्टरांची अक्षरं वाचते, त्यामुळे वेड्यावाकड्या रेषांची मला भीती वाटत नाही! शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, पोस्टर कलरच्या त्या छोट्या बाटल्या, आठवतंय ना? दहावीला त्याचे वाढीव गुण मिळाले, आणि गुण मिळाल्यावर रंगांचं आमच्या घरातलं काम संपलं. मग बारावी, डी. फार्म., नोकरी. रंगपेटी माळ्यावर गेली ती गेलीच. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हेच झालं असणार.

फोनवर चित्र काढायला लागले ते कुठल्या प्रेरणेने वगैरे नाही, सोय म्हणून. पाणी नको, खाली वर्तमानपत्र पसरायला नको, ब्रश धुवायला नको. गिऱ्हाईक आलं की फोन पालथा घालायचा, क्रोसिनची पट्टी द्यायची, पुन्हा फोन सुलटा. इबिसपेंट नावाचं जपानी ॲप आहे, ते फुकट मिळतं. जाहिराती येतात, पण चालायचंच. पुढे घरी लॅपटॉप असेल तर क्रिता घ्या, तेही फुकट आणि मुक्त स्रोत, म्हणजे जगभरातले लोक मिळून ते बनवतात. प्रोक्रिएट नावाचं ज्याचं खूप नाव ऐकता, ते ॲपलच्या उपकरणांवरच चालतं. तेव्हा अँड्रॉइडवाल्यांनी त्याचे व्हिडिओ बघून उगाच जीव जाळू नये.

आता पेनाचं. फोनची काच दाब ओळखत नाही, आपल्या अंगातून जाणारा सूक्ष्म विद्युतभार ओळखते. म्हणून बोट चालतं आणि साधं प्लॅस्टिकचं पेन चालत नाही. माझ्या धंद्यातली एक युक्ती सांगते. कान साफ करायचा कापसाचा बड घ्या, त्याचं टोक किंचित ओलं करा, आणि कांडीला ॲल्युमिनियमची फॉइल अशी गुंडाळा की ती ओल्या कापसालाही लागेल आणि तुमच्या बोटांनाही. झालं पेन तयार. कापूस जरा जाड असतो, बारीक रेघेसाठी स्क्रीन झूम करावी लागते. पण मी खरं सांगू, शेवटी बोटावरच येते. आमच्या राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. हो, तेच, सिनेमातले चंद्रकांत. त्यांची पावडर शेडिंगची चित्रं तिथे लावलीत, म्हणजे रंगाची कोरडी पूड कागदावर चोळून केलेली. कोल्हापुरात याल तेव्हा अंबाबाई, रंकाळा आणि मिसळ यांच्यामध्ये एक तास त्याला द्या. ती बघितल्यावर 'बोटाने काय चित्र होतं का' असं म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही. आणि इंग्लंडचे डेव्हिड हॉकनी, एवढे मोठे चित्रकार, त्यांनी २००९ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर आयफोनवर फुलं काढायला सुरुवात केली, आणि ती सकाळी मित्रांना पाठवायचे. गुड मॉर्निंगच्या फुलांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, ती म्हणजे लेअर. पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्यासारखं असतं ते. एकावर रेघा, खालच्यावर रंग, त्याच्या खाली सावली. हे फार आधुनिक वाटतं, पण राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत जो छापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथे हेच चालायचं. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकेक दगड छापत जायचं. आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती अशी दगडा-दगडाने रंगलेली आहे. फोनमध्ये दगड नसतो, पण वजन असतं! ए-फोर आकाराचं चित्र छपाईच्या दर्जाचं, म्हणजे ३०० डीपीआयचं घेतलं, तर ते २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचं होतं. एकेका ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका लेअरला साधारण ३५ एमबी मेमरी लागते. वीस लेअर केले की झाले ७०० एमबी. मग फोन गरम होतो, अडकतो, आणि आपण ॲपला शिव्या देतो. छापायचं नसेल तर छोटा कॅनव्हास घ्या, विषय संपला.

आता ज्या चित्रासाठी हा भाग करतेय, त्याकडे येते.

माझी आज्जी, बाबांची आई, मी दोन वर्षांची असताना गेली. तिचा स्वतंत्र असा एकही फोटो नाही. एक आहे तो काकांच्या लग्नातला ग्रुप फोटो, त्यात ती तिसऱ्या रांगेत. चेहरा करंगळीच्या नखाएवढा. गेल्या वर्षी घरात तिची तसबीर लावायची असं ठरलं. आमच्या एका चुलतभावाने तो फोटो 'चेहरा स्पष्ट करून देणाऱ्या' एका एआय ॲपमध्ये टाकला आणि दोन मिनिटांत घरच्या ग्रुपवर आज्जी आली. गोरीपान, गाल गुळगुळीत, कपाळावर गोल टिकली, मालिकेतल्या सासूसारखी. सदतीस जणांचा ग्रुप, लाल बदामांचा पाऊस. कुणी लिहिलं, 'साक्षात!' बाबांनी फोटो बघितला, फोन बाजूला ठेवला आणि काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. "अगं, ही कोण बाई? ही आई न्हवं."

मी मूळ फोटो झूम करून बघितला. आज्जीच्या डोळ्याच्या जागी फार तर सहा-सात ठिपके होते. म्हणजे डोळा तिथे नव्हताच! ॲप तो शोधून काढत नाही, कुठून काढणार? त्याने बघितलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून तिथे साधारण कसा डोळा असू शकेल, तसा तो भरतं. भावाने मनापासून केलं होतं, त्याच्यावर माझा राग नाही. पण भिंतीवर जी बाई लागणार होती, तिला आमच्या घरातल्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं. आणि पुढच्या पिढीला तीच आज्जी म्हणून माहीत होणार होती.

मग मी काढायला घेतलं. ग्रुप फोटो सगळ्यात खालच्या लेअरला, अगदी फिका करून. त्यातून डोक्याचा आकार, मानेचा कल आणि खांदे एवढंच मिळालं. बाकी सगळं विचारून. इंटरमिजिएटला स्मरणचित्र काढायचो, तसंच हे, फक्त स्मरण दुसऱ्यांचं.

आत्या म्हणाली, कुंकू आडवं, चांगलं बोटभर रुंद. काका म्हणाले, नाक बसकं नव्हतं, पण टोकाला रुंद होतं, "तुझ्यासारखंच." हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं! गोंदणावरून मात्र भांडण लागलं. हनुवटीवर गोंदण होतं यावर एकमत. आत्या म्हणे तीन ठिपके, काका म्हणे एकच. ॲपने ते डाग समजून पुसूनच टाकलं होतं, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवला नव्हता. मी दोन लेअर केले, 'गोंदण एक' आणि 'गोंदण तीन', आणि जो घरी येईल त्याला डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून दोन्ही दाखवायला लागले. मतदानच घेतलं म्हणा ना. निकाल लागेना.

शेवटी गडहिंग्लजकडे आज्जीची धाकटी बहीण असते, आमची मावशीआज्जी, तिला व्हिडिओ कॉल लावला. तिला ऐकू कमी येतं. दोन-तीनदा ओरडून विचारलं, तेव्हा तिने फोन एकदम जवळ घेतला, इतका की स्क्रीनभर नुसती तिची हनुवटी. त्यावर तीन ठिपके, हिरवट-निळे, कडेने पसरलेले, त्रिकोणात. "दोघींनी एकाच दिवशी गोंदून घेतलंय. जोतिबाच्या यात्रेत. ती रडली, मी न्हाई रडले." मी तिथल्या तिथे स्क्रीनशॉट घेतला. चित्रातलं गोंदण मी त्या हनुवटीवरून काढलं, रंगसुद्धा तिथूनच उचलला.

अकरा दिवस चाललं हे. दुकानातून रात्री साडेदहाला यायचे, जेवून बसायचे. आठव्या की नवव्या रात्री बाबा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं झोपायला सांगतील. म्हणाले, "पदर इतका पुढे घेत नव्हती. कान दिसायचा. बुगडी दाखवायची हौस होती तिला." मग बसले शेजारी. त्या रात्री बाबा त्यांच्या आईबद्दल जेवढं बोलले, तेवढं माझ्या आख्ख्या आयुष्यात बोलले नव्हते. बुगडी पुढे कशी गहाण पडली, ती सोडवायला कोण कोणाकडे गेलं, सगळं. ते मी इथे सांगणार नाही, घरचं आहे. पण बुगडी मात्र मी काढली. पदर मागे घेतला, तर कानाखालचं केसांचं वळण बदलावं लागलं, तेही केलं.

छापताना एक लक्षात ठेवा. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद देत नाही. त्यामुळे फोनवर छान दिसणारा सावळा रंग कागदावर एकदम काळपट येऊ शकतो. आधी पोस्टकार्डाएवढी एक प्रिंट काढून बघायची, मग मोठी. आमच्या प्रिंटवाल्या काकांनीच तसा आग्रह धरला, आणि दोनदा उजेड वाढवून मग मोठी प्रिंट काढली.

ही प्रिंट आता आत्याच्या घरी आहे. आमच्या ग्रुपचा डीपी मात्र अजून तीच मालिकेतली सासू आहे. काही जणांना तीच आवडते, आणि त्यांच्याशी भांडायला मी जात नाही. बाबांनी आमच्या भिंतीवर अजून काहीच लावलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

तर, 'किती घेतेस'. आत्याच्या घरचं चित्र बघून तीन जणांनी ऑर्डर द्यायची तयारी दाखवली. एक जण म्हणाला, पाचशे रुपये, फोटोवरून, परवापर्यंत. माझ्या काही मैत्रिणी असं काम करतात, उत्तम करतात, घरभाडं त्यावर निघतं, त्यांना माझा सलाम. पण मला त्या कामाचा दर काढताच येईना. व्हिडिओ कॉलवर ओरडल्याचे किती लावायचे? काका-आत्याचं भांडण ऐकल्याचे किती? आणि दर लावला की 'परवापर्यंत' येतंच. दुकानात आठ तास लोकांची घाईच बघते मी. घरी येऊनही तीच करायची माझी इच्छा नाही. छंदातून कमाई केलीच पाहिजे, नाहीतर तो वेळ वाया, असं आजकाल रील बघून वाटायला लागतं. वाटू दे. माझा पगार होतो महिन्याला, तेवढ्यावर हे चित्र फुकट राहू शकतं.

सध्या मी मावशीआज्जीला काढतेय. फोटोवरून नाही. फोटो ती काढूच देत नाही. म्हणते, "समोर बस आणि काढ, मी कुठं पळून चाललेय?" दोन बैठका झाल्यात. पहिल्या बैठकीत ती अर्ध्यातच झोपली, त्यामुळे डोळे मिटलेलं एक चित्र तयार आहे, आणि ते तिला अजिबात पसंत नाही. रविवारी पहाटे गडहिंग्लजची गाडी आहे. चार्जर पिशवीत टाकलाय. चला, झोपते आता. भेटू पुढच्या भागात.