मलिक अंबरचं आपण काय केलं?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



आयोजकांनी मला विषय दिला 'इतिहासातली प्रभावी माणसं आणि त्यांचा वारसा'. एवढ्या विषयात दहा माणसं कोंबता येतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतील. मी एकच माणूस निवडलाय, मलिक अंबर. मी इतिहासकार नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. त्यामुळे माझं बोलणं थोडं कामगाराच्या अंगाने जाईल, ते चालवून घ्या.

आमच्या धंद्यात 'लेगसी' हा शब्द रोज वापरला जातो आणि तो गौरवाचा नाही. लेगसी सिस्टिम म्हणजे जुनाट प्रणाली. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, कागदपत्रं सापडत नाहीत, पण सगळ्यांचे पगार तिच्यावरच निघतात, म्हणून हात लावायला प्रत्येक जण घाबरतो. ती बंद पडली की मगच सगळे विचारतात, हे कोणी बांधलं होतं? या अर्थाने तुमच्या शहरात एक मोठी लेगसी सिस्टिम जमिनीखाली पडून आहे. तिच्याकडे येतोच. आधी माणूस.

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. लाल समुद्राच्या काठावरचं मोखा, तिथून बगदाद, अशी त्याची हातबदल होत राहिली. मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवलं आणि 'अंबर' हे नाव दिलं. मग तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. गंमत बघा, हा चंगेजखान स्वतः हबशी, एकेकाळचा गुलाम आणि त्याच्याकडे हजारभर हबशी गुलाम होते. साखळदंडातून सुटलेला माणूस दुसऱ्यांचे साखळदंड तोडेलच असं नसतं, हे इथेच लक्षात घेऊ. पुढे अंबरच्या बाबतीतही ते लागू पडतं.

चंगेजखान गेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. नंतर जवळपास वीस वर्षं तो छोटा सरदार म्हणून फिरत राहिला. विजापूरला गेला, तिथे त्याला 'मलिक' हा किताब मिळाला. परत निजामशाहीत आला तेव्हा त्याचं वय पंचेचाळीसच्या पुढे होतं. आमच्या क्षेत्रात चाळिशीला माणूस संपला असं समजतात, म्हणून हा तपशील मला फार आवडतो. 1600 मध्ये चांदबीबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि राज्य बुडालं असं सगळ्यांनी धरलं. त्यानंतर या माणसाची खरी कारकीर्द सुरू होते. त्याने निजामशाही घराण्यातला एक वारस शोधला, परांड्याला गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि पुढची सव्वीस वर्षं मोगलांना दख्खन गिळू दिलं नाही.

ते कसं जमलं? 1610 च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने नोंद केलीय की अंबरकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी सैन्य होतं. त्या दख्खनींमध्ये मराठे मोठ्या संख्येने होते. हलके घोडेस्वार, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, समोरासमोर लढाई टाळायची. फारसी बखरकार याला 'बर्गीगिरी' म्हणतात. हे अंबरने मराठ्यांना शिकवलं की मराठ्यांनी अंबरला, यावर लोक भांडतात. मला तो वाद पोरकट वाटतो. डोंगर मराठ्यांच्या पायाखालचे होते आणि त्या लढाईला राज्याची शिस्त अंबरने दिली. एकाशिवाय दुसऱ्याचं चाललं नसतं.

1624 ची भातवडीची लढाई हे त्याचं टोक. एका बाजूला मोगल आणि विजापूरकर एकत्र, दुसऱ्या बाजूला ऐंशीकडे झुकलेला अंबर. त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल केला आणि मग हल्ला चढवला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथे पडले. या लढाईचं वर्णन शिवकालातल्या 'शिवभारत' या संस्कृत ग्रंथात आहे.

बादशहा जहांगीरला हा माणूस इतका सलत होता की त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. अंबर 1626 मध्ये म्हातारपणाने गेला. आत्मचरित्रात जहांगीर त्याला शिव्या घालत राहिला, पण त्याच्याच दरबारातल्या मुतमदखानाने अंबरच्या मृत्यूनंतर लिहिलं की युद्धात, नेतृत्वात आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.

आता कारभाराकडे येऊ, कारण लढाया आपल्याला पाठ असतात आणि कारभार कोणी शिकवत नाही. अंबरच्या आधी महसूल गोळा करण्याचा ठेका दिला जायचा, त्याला इजारा म्हणत. ठेकेदार सरकारला ठरलेली रक्कम देणार आणि शेतकऱ्याकडून जमेल तेवढं उकळणार. अंबरने ही पद्धत मोडली. जमिनीचा कस पाहून प्रत लावली, प्रत्यक्ष लागवड आणि पीक बघून धारा ठरवला, मिरासदारांचे हक्क मान्य केले. ही व्यवस्था आपल्याकडे 'मलिकंबरी धारा' म्हणून ओळखली गेली आणि तिचा आधार पुढे मराठ्यांच्या महसूल व्यवस्थेलाही झाला. राज्य 1636 मध्ये बुडालं. अंबरच्या मुलाने, फतेहखानाने, 1633 लाच दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं होतं. राज्य गेलं, घराणं गेलं, आणि जमीन मोजून धारा ठरवायची रीत मात्र राहिली.

आणि आता पाणी. 1610 मध्ये अंबरने खडकी या खेड्याच्या जागी राजधानी वसवली. खाम नदी छोटी, पावसाचा भरवसा नाही. त्याने उत्तरेकडच्या डोंगरात जमिनीत मुरलेलं पाणी गाठलं आणि जमिनीखालून बांधीव नहर काढून शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही, सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. मैलोन् मैल तो उतार नेमका ठेवायचा, तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. मध्ये मध्ये वर उघडणारी तोंडं ठेवली, हवा खेळावी आणि माणसाने उतरून गाळ काढावा म्हणून. मी दिवसभर संगणकावर अशाच गोष्टी करतो, कुठे अडलं हे कळायला तपासणीची जागा ठेवतो. चारशे वर्षांपूर्वी ज्याने ती तोंडं आखली, त्याला उद्या बिघाड होणार हे माहीत होतं. दुरुस्त करणाऱ्याचा विचार करून बांधणारी माणसं आजही कमीच असतात.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. याच काळात, 1615 च्या सुमारास, बुऱ्हाणपुरात अशीच भूमिगत पाणीयोजना झाली, कुंडी भंडारा. ती करवून घेणारा अब्दुल रहीम खानखाना. शाळेत ज्याचे दोहे आपण पाठ केले तोच रहीम. आणि हाच रहीम दख्खनच्या मोहिमेवर मोगलांचा सेनापती म्हणून अंबरशी लढत होता. दोन शत्रू, मध्ये अजिंठ्याचे डोंगर, आणि दोघेही आपापल्या गावाला पाणी पाजायला एकच इराणी तंत्र वापरतायत.

खडकीचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मोगलांनी 1616 मध्ये शहर जाळलं, पुन्हा 1621 मध्ये जाळलं. अंबरने दोन्ही वेळा उभं केलं. त्याच्यामागे मुलाने नाव ठेवलं फतेहनगर. 1653 मध्ये औरंगाबाद झालं. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावावर मी आज बोलणार नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी इतकं बोलून झालंय की घसे बसले, आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा आलं तरी लोक शुक्र मानतात. नहरीच्या तोंडांवर घरं आणि दुकानं चढली, कुठे तोंड बुजवून वर ओटा घातला, कुठे गटार सोडलं. हे करणाऱ्यांत आपलेही लोक आहेत. एकाच मोहल्ल्यात सकाळी नावासाठी मोर्चा आणि दुपारी नहरीत कचरा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला खरं बोलायचंय ते यापुढचं. थोडं झोंबेल.

आपण अंबरला केव्हा आठवतो? मोबाईलवर कोणीतरी यादी पाठवतं, 'मुसलमानांनी देशाला काय दिलं', त्यात सातव्या क्रमांकावर मलिक अंबर. किंवा कोणी आपल्या निष्ठेवर शंका घेतली की आपण लगेच शहाजीराजांच्या शेजारी त्याला उभा करतो. म्हणजे तो आपल्यासाठी साक्षीदार झालाय. कोर्टात हजर करायचा, साक्ष झाली की घरी पाठवायचा. तो काय होता याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. आणि तो साधुपुरुषही नव्हता. राजू दख्खनी या प्रतिस्पर्ध्याला त्याने संपवलं. ज्या जावयाला गादीवर बसवलं त्याच्याशी बिनसलं तेव्हा 1610 मध्ये त्याला विषप्रयोगाने दूर केलं. तो स्वतः गुलामीतून आला, पण गुलामांचा व्यापार थांबवायला त्याने काही केल्याचं दिसत नाही. त्याला आपला म्हणायचं असेल तर हेही आपलं म्हणावं लागेल. यादीत हे मावत नाही.

या जावयाच्या भांडणाचं कारण ऐका. इतिहासात असं सांगितलंय की राजाच्या इराणी बायकोने अंबरच्या मुलीला हबशी, गुलामाची पोर म्हणून हिणवलं. बाप राज्याचा सर्वेसर्वा, पन्नास हजार फौजेचा धनी, आणि मुलीला महालात रंगावरून ऐकून घ्यावं लागलं. चारशे वर्षं झाली. आता मी तुम्हाला विचारतो, आपल्या घरात स्थळ बघायला जातात तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? 'लडकी का रंग कैसा है?' दुसरा प्रश्न बिरादरी. इस्लाममध्ये जात नाही असं आपण स्टेजवर सांगतो, हजरत बिलाल यांचं उदाहरण देतो, डोळ्यांत पाणी आणतो. आणि बागवानाच्या घरातून अत्ताराच्या घरात, शेखांतून पिंजाऱ्यांत सोयरीक करायची म्हटलं की घरातले मोठे खाकरायला लागतात. माझ्याच एका चुलत बहिणीचं ठरत आलेलं लग्न 'पोरगी सावळी आहे' एवढ्यावर मोडलं. मुलाकडचे लोक शिकलेले होते, मुलगा माझ्यासारखाच इंजिनिअर. आज मलिक अंबर जिवंत होऊन तुमच्या मोहल्ल्यात आला तर त्याच्यासाठी जुलूस निघेल. त्याच्या मुलीला सून म्हणून किती घरं मागणी घालतील, ते मनातल्या मनात मोजा.

कोकणात जंजिऱ्याकडे, गुजरातेत, कर्नाटकात सिद्दी समाज आजही आहे. जंगलाच्या कडेला, मजुरीवर. त्यांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न आपल्या किती ठरावांत आला? मी संघटनेच्या मागच्या बैठकीत हे विचारलं तेव्हा एका ज्येष्ठांनी मला सांगितलं, बेटा, पहले अपने मसले देखो. मी म्हटलं, चचा, हा 'अपने' कुठे संपतो?

ते हसले आणि चहा मागवला. पण पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत त्यांनीच तो विषय घातला, हेही सांगायला हवं.

खुलदाबादला जाणारे खूप आहेत. तिथल्या एका साध्या कबरीवरून गेल्या काही काळात काय काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच गावात मलिक अंबरचा घुमटाचा मकबरा आहे, शेजारी त्याची बायको सिद्दी करीमा हिचा. तिथे ना घोषणा असतात ना कॅमेरे. मी गेलो तेव्हा दोन पोरं सावलीत बसून क्रिकेटचा स्कोअर बघत होती. त्यांना विचारलं, हे कोणाचं? एक म्हणाला, 'कोई राजा था.' दुसरा म्हणाला, 'राजा नहीं, पानीवाला.'

आता कामाचं. आम्ही काही मित्रांनी नहरीची जी तोंडं अजून दिसतात त्यांचा नकाशा करायला घेतलाय. मोबाईलवर जागा नोंदवायची, फोटो काढायचा, तोंड उघडं आहे की बुजलेलं ते लिहायचं, आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांकडून पाणी केव्हापर्यंत वाहत होतं ते विचारायचं. नोंदीचं साधं ॲप मी तयार केलंय, मराठी आणि उर्दू दोन्हीत चालतं. सगळी माहिती महापालिकेला आणि पुरातत्त्व खात्याला देणार आहोत, आणि मोहल्ल्यातल्या मशिदी-मंदिरांच्या कमिट्यांनाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता भडकल दरवाज्यापाशी जमायचं. तो दरवाजाही अंबरच्याच काळातला. बायका-मुलींनी जरूर यावं, कारण जुन्या घरांच्या आत, अंगणात जी तोंडं आहेत तिथवर आम्हाला कोणी जाऊ देत नाही. बूट घालून या, सोबत पाण्याची बाटली आणि टॉर्च आणा. नावं दाराजवळच्या वहीत लिहा.