नेम न धरणारी माणसं

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (१८६१-६५) गोष्टी आपण ऐकतो, त्या बहुधा सेनापतींच्या. मला मात्र आठवतात व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यातली मेनोनाइट आणि ब्रेदरन शेतकरी कुटुंबं. माणूस मारायचा नाही आणि गुलाम ठेवायचा नाही, ही त्यांची धर्मशिकवण. दक्षिणेने सक्तीची भरती केली, तेव्हा काही जण डोंगर ओलांडून पळाले, काही पकडले जाऊन तुरुंगात पडले. काहींनी हाती बंदूक घेतली. पण ही माणसं नीट नेम धरत नाहीत, हे खुद्द सेनापती जॅक्सन यांनीच लिहून ठेवलं. १८६२च्या कायद्याने ५०० डॉलर भरणाऱ्याला सूट मिळाली. ज्याच्याकडे पैसे नव्हते, त्याच्यासाठी मंडळींनी वर्गणी काढली.

ब्रेदरनांचे वडीलधारे जॉन क्लाइन घोडीवरून दोन्ही बाजूंच्या मुलखांत फिरत, आजाऱ्यांना झाडपाल्याची औषधं देत. साहजिकच त्यांच्यावर संशय आला. १५ जून १८६४ रोजी घराजवळच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी शरदात उत्तरेचं सैन्य आलं आणि शत्रूची रसद तोडण्यासाठी खोऱ्यातली कोठारं, गिरण्या जाळत गेलं. त्यांत या शांतताप्रेमी माणसांचीही कोठारं होती.

दंगलीच्या दिवसांत मलाही विचारलं गेलं होतं, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" मी चाचरलो होतो. 'मारणाऱ्यांच्या नाही,' एवढं सांगायलाही किती किंमत मोजावी लागते, ते मला या शेतकऱ्यांनी शिकवलं.