चार वायरी आणि पांढरा ठिपका

भंगारातून आणलेल्या लेझर लाइटवर ना लेबल, ना डेटाशीट. फक्त चार वायरी. दोन पातळ वायरींवर मीटर १० किलोओहम दाखवत होता. मॉड्यूल मुठीत धरलं की आकडा उतरायचा. म्हणजे थर्मिस्टर. जाड दोन डायोडच्या.

खरी गोम पुढेच आहे. हा लेझर मुळात पांढरा नसतोच. सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा झोत पिवळ्या फॉस्फरवर पडतो. पिवळा आणि उरलेला निळा मिळून पांढरं दिसतं. फॉस्फर तडकला, निखळला, तर तो निळा झोत सरळ बाहेर. अर्ध्या वॅटच्या वर क्लास ४. पापणी मिटेपर्यंत डोळा गेलेला असतो.

म्हणून आधी ४५० नॅनोमीटरचा लेझर गॉगल (उन्हाचा चालत नाही, आईने विचारलंच!), मग हीटसिंक, तोंड मॅट भिंतीकडे, आणि करंट बांधलेला सप्लाय. अगदी थोड्यापासून सुरुवात. थ्रेशोल्डखाली नुसता मिणमिणता उजेड, तो ओलांडला की एकदम चढतो. पण गॉगलमधून निळं दिसतच नाही ना! मग ठिपका फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिला. मधे पांढरा, कडेला पिवळसर. निळा डाग कुठेच नाही. तेव्हा कुठे करंट आणखी वाढवला.