ओव्याचं तेल आणि आपल्या चाचण्या



अध्यक्षाने विषयाचं कौतुक करायचं असा रिवाज आहे, तो आधी उरकतो. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, हा ‘लॅन्सेट’मधला अंदाज तुम्हाला पाठ असेल. त्याच वर्षी आपल्या सरकारने कोंबड्या-गुरांसाठी आणि पशुखाद्यात कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरण्यावर बंदी घातली. अशा वेळी ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल आठवावा यात नवल नाही. ही द्रव्यं जिवाणूच्या पटलात घुसून ते सैल करतात, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. इथवर वाद नाही.

अडचण पाण्याची आहे. तेल त्यात मिसळत नाही, म्हणून ट्वीन ८० हे तेल-पाणी मिसळवणारं द्रव्य घालून अल्ट्रासोनिकेटरखाली थेंब २० ते २०० नॅनोमीटरपर्यंत फोडायचे. दुधासारखं पांढरं मिश्रण हळूहळू निळसर होतं, थेंब फारच बारीक झाले तर जवळजवळ पारदर्शक. विद्यार्थी इथेच हरखतो आणि फोटो काढतो. काही दिवसांनी तीच बाटली पुन्हा गढूळ झालेली असते, तिचा फोटो मात्र कुणी काढत नाही! थायमॉल पाण्यात किंचित विरघळतो, त्यामुळे तो लहान थेंबांतून सुटून मोठ्या थेंबांत जाऊन बसतो. यावर तोड म्हणून आपण मक्याचं तेल मिसळतो. थेंब टिकतात, पण थायमॉल त्या तेलातच रमतो आणि जिवाणूंवरचा मारा बोथट होतो. टिकाऊपणा आणि धार यांची ही ओढाताण म्हणजे या विषयाचं मर्म आहे, आणि तिच्यावर आपण फार कमी लिहितो.

लिहितो ते अगारवर ठेवलेल्या तेलाच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळांवर. अहो, तेल अगारमधून नीट पसरतच नाही. त्या मिलिमीटरांवरून दोन तेलांची तुलना कशी करायची? शिवाय नुसत्या ट्वीनच्या पाण्याची, तेलाविना केलेली चाचणी किती प्रबंधांत असते? पोषक द्रवात छान मारणारी मात्रा दुधात टाकून पाहा. स्निग्धांश आणि प्रथिनं तेल गिळून टाकतात, मात्रा कितीतरी वाढवावी लागते, आणि मग त्या दुधाला ओव्याचा असा वास येतो की डेअरीवाला कॅन परत पाठवेल. स्यूडोमोनाससारखा जिवाणू तर आत शिरलेलं तेल पंपांनी बाहेर फेकतो. वनस्पतीजन्य औषधाला प्रतिकार निर्माण होत नाही, हे वाक्य आपल्या प्रस्तावनांतून काढून टाका.

माझं मत विचाराल तर रक्तातल्या जंतुसंसर्गाला या तेलांनी उत्तर द्यावं, ही अपेक्षाच चुकीची. त्यांची जागा शरीराबाहेर आहे. धार काढल्यावर गाईची सडं ज्या द्रावणात बुडवतात ते, दूधयंत्राच्या नळ्यांत साचणारा जिवाणूंचा चिकट थर, चिरलेल्या भाजीचं धुण्याचं पाणी. कासदाह टळला तर प्रतिजैविकाचं एक इंजेक्शन वाचतं, तेवढ्या दिवसांचं दूध फेकावं लागत नाही. एवढं साधलं तरी मी खूश आहे.

दुपारी पोस्टर पाहायला मी येणार आहे. तेलाविनाची चाचणी कुठे आहे, महिन्यानंतर थेंबांचा आकार किती होता आणि दुधात काय झालं, हे प्रत्येकाला विचारणार. आकडे खराब आले असतील तर तेही लावा.