घुबडाची पिले : लांबूनच लक्ष ठेवा

शेतकरी बंधूंनो, पडक्या वाड्याच्या कोनाड्यात पांढऱ्या तोंडाच्या गव्हाणी घुबडाने पिले काढली असतील, तर अपशकुन म्हणून हुसकू नका. उंदरांवर तो तुमचा बिनपगारी राखणदार आहे.

"साहेब, त्यातलं एक खुरटलंय, जगंल का?" असे एका शेतकऱ्याने मला विचारले. अहो, मादी एक-दोन दिवसांआड अंडे घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे पिले लहानमोठी दिसणारच. तो आजार नव्हे.

कोनाड्याखाली केस-हाडांच्या ताज्या, काळ्या गोळ्या दिसल्या, म्हणजे शिकार मिळते आहे असे समजा. जवळ गेल्यावर पिलू फुसकारले तर ते ठीक आहे. खाली पडलेले धडधाकट पिलू फडक्यात धरून परत वर ठेवा. पण मान टाकली, पंख लोंबला, अंगावर माश्या बसल्या, तर खोक्यात ठेवून वनरक्षकाला कळवा. तोंडात दूध-पाणी ओतू नका. पाळायला तर १९७२ च्या कायद्याने मनाईच आहे.

साधारण दोन महिन्यांत पिले उडतात. तोवर शेतात ब्रोमॅडिओलोनचे आमिष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर घुबडाने गिळला, की विष त्याच्याही अंगात भिनते. तेवढे दिवस सापळेच लावा.