टॅक्सिसचा चर आणि लाटा ब्रांडिसोवा

आजचा भाग शर्यतीवर आहे, घोड्यांच्या. पण डोळ्यांसमोर महालक्ष्मी किंवा पुण्याचं रेसकोर्स आणू नका. तिथली धाव सपाट, कापलेल्या हिरवळीवरची असते आणि दीड-दोन मिनिटांत खेळ खलास. आज आपण जातोय झेक देशात, पार्डुबित्से नावाच्या गावी. इथे घोडे कुंपणांवरून, चरांवरून, ओढ्यांवरून उड्या मारतात आणि मधेमधे चक्क नांगरलेल्या शेतातून पळतात.

या प्रकाराला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा मनोरा. 1752 साली आयर्लंडमध्ये दोन गड्यांनी पैज लावली की बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत कोण आधी पोचतो. मधे रस्ता असा नाहीच, मनोरा दिसतोय ना, मग सरळ त्या दिशेला घोडा घालायचा! मधे येईल ती भिंत, येईल तो ओढा ओलांडायचा. खेड्यापाड्यांतल्या पैजेतून आलेला हा खेळ पुढे युरोपभर पसरला. पार्डुबित्सेची शर्यत, वेल्का पार्डुबित्सका, सुरू झाली 5 नोव्हेंबर 1874 ला. तेव्हा तो भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता.

अंतर साधारण साडेसहा-सात किलोमीटर. आज तिथे 31 अडथळे आहेत, पण सगळं जग ओळखतं ते एकच नाव, चौथा अडथळा, टॅक्सिस. घोड्याला समोर दिसतं दीड मीटर उंचीचं झुडपांचं जाड कुंपण. पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही. पलीकडे रुंद चर! आणि तेव्हा तो दोन मीटर खोल होता, 1994 नंतर उथळ केला. वर्षातून फक्त या एकाच शर्यतीत तो ओलांडतात, सराव करायची सोयच नाही. पहिल्या शर्यतीनंतर तो काढून टाका म्हणून ओरड झाली, तेव्हा थुर्न उंड टॅक्सिस घराण्यातला एक राजपुत्र अडून बसला की राहू द्या. म्हणून नाव त्याचं. (घोड्यांना विचारलं असतं तर नाव वेगळं पडलं असतं, असो.)

खरं सांगू का, मला टॅक्सिसपेक्षा त्या नांगरटीचं जास्त कौतुक आहे. आपल्याकडे पावसानंतर नांगरलेल्या रानातून चाललेल्या कुणालाही कळेल, पाय कसा रुततो ते. आता त्यातून पाठीवर माणूस घेऊन दौडायचं, आणि लगेच पुढच्या कुंपणावरून उडायचं. सपाट मैदानावरच्या वेगवान घोड्याची हवा इथे निघून जाते. इथे दम लागतो. म्हणूनच किन्स्की घराण्याच्या पागेतले घोडे इथे शोभायचे. शिकारीसाठी, रानावनात दिवसभर पळण्यासाठी वाढवलेली ही जात, त्यातल्या सोनेरी रंगाच्या घोड्यांसाठी प्रसिद्ध. ही शर्यत सुरू करणाऱ्यांमध्ये त्याच घराण्यातला ऑक्टाव्हियन किन्स्की होता.

आता येते आपली नायिका. लाटा ब्रांडिसोवा. जन्म 1895 चा, सरदार घराण्यातली. वडील घोडदळात अधिकारी. 1918 मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला आणि पाठोपाठ सरदारांच्या पदव्या कायद्याने गेल्या. घरात मोठेपणा होता, पैशाची ओढाताणही होती. लाटा घोड्यांची कामं स्वतः करायची. तिचा नातलग झ्डेन्को राडस्लाव्ह किन्स्की, त्याच पागेचा मालक. त्याने 1927 मध्ये तिला घोडी दिली. नाव नेव्हेस्ता, म्हणजे नवरी!

बाई शर्यतीत उतरणार म्हटल्यावर काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. विरोध झाला, जोरात झाला. हे बाईमाणसाचं काम नव्हे, ही भाषा तिकडेही अगदी तशीच होती. तरी ती उतरली. वय 32. वाटेत पडली, एकदा नाही, अनेकदा. तेव्हा पडलेल्या स्वाराला पुन्हा चढून शर्यत पुढे चालू ठेवता यायची. ही दर वेळी उठली, घोडी धरली, खोगिरावर बसली आणि शेवटपर्यंत गेली. पाचवी आली.

एक तुलना करतो. इंग्लंडच्या ग्रँड नॅशनलमध्ये पहिली बाई उतरली 1977 मध्ये. म्हणजे लाटानंतर तब्बल 50 वर्षांनी!

पुढची दहा वर्षं ती हेच करत राहिली. 1930 च्या दशकात तिच्याकडे नॉर्मा आली, तीही किन्स्कींच्या पागेतली घोडी. दोघींनी 1933 मध्ये तिसरा नंबर काढला, 1934 मध्ये दुसरा. पहिला नंबर मात्र हाती लागत नव्हता.

त्याच काळात शेजारी हिटलर सत्तेवर आला होता. पार्डुबित्सेला जर्मन स्वार यायचे, त्यातले बरेचसे लष्कराच्या आणि नाझी संघटनांच्या घोडदळात तयार झालेले. 1935 आणि 1936, दोन्ही वर्षी जर्मनच जिंकले. शर्यत म्हणजे आता निव्वळ शर्यत राहिली नव्हती. सीमेपलीकडून धमक्यांचा सूर वाढत होता, आणि 14 सप्टेंबर 1937 ला देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष मासारिक वारला. साधारण महिनाभराने, 17 ऑक्टोबर 1937 ला, वेल्का पार्डुबित्सका होती.

बघा, या दिवसाची गोष्ट हल्ली ऐकू येते ती एकाच ओळीत, बाईने नाझींना हरवलं. ते खरंच आहे. पण त्या ओळीत नॉर्मा गायब होते, आणि मला ते पटत नाही. टॅक्सिसवर जोर लागतो खरा, पण पुढच्या ओल्या शेतात घाई करणारा घोडा संपतो. तिथे आपल्या घोडीचा दम किती उरलाय ते स्वाराला ओळखावं लागतं. या दोघी एकमेकींना चार-पाच वर्षं ओळखत होत्या. 42 वर्षांची लाटा जर्मन स्वारांना मागे टाकून पहिली आली. लोकांनी केवढा जल्लोष केला असेल याचा विचार करा. महिन्यापूर्वी याच लोकांनी मासारिकला निरोप दिला होता.

वर्षभरात सगळं बदललं. 1938 मध्ये म्युनिकचा करार झाला, सीमेवरचा प्रदेश जर्मनीने घेतला, त्या वर्षी शर्यत झालीच नाही. मार्च 1939 मध्ये नाझी प्रागमध्ये शिरले. शर्यत परत भरली ती 1946 मध्ये.

लाटाही परत आली. 1949 मध्ये, 54 वर्षांची असताना, याच शर्यतीत ती अशी पडली की बेशुद्धच झाली. जीव वाचला, पण शर्यती संपल्या. तोवर देशात कम्युनिस्ट राजवट आली होती. सरदार घराण्यातली म्हणून नव्या राजवटीच्या लेखी ती संशयितच. रझित्काचं राहतं घर गेलं. बहिणींबरोबर ती रानातल्या एका छोट्या घरात राहायला गेली, जिथे वीजही नव्हती. जिच्यासाठी गाव गोळा झालं होतं, तिचं नाव घ्यायलाही कुणी फारसं उरलं नाही.

ती 1981 मध्ये ऑस्ट्रियात वारली. वेल्का पार्डुबित्सका आजही दर ऑक्टोबरमध्ये होते, टॅक्सिसही आहे. पुढे आणखी बायका त्या शर्यतीत उतरल्या, पण जिंकलेली बाई अजून तरी एकच आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.