राजा कॉन्स्टंटाइन आणि त्याचे साक्षीदार

कॉन्स्टंटाइन हे नाव ऐकताच रोमन सम्राटाची आठवण व्हावी हे साहजिक आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असलेला कॉन्स्टंटाइन मात्र त्या सम्राटानंतर सुमारे सहा शतकांनी, ब्रिटनच्या उत्तर भागात राज्य करीत होता. केनेथ मॅकअल्पिनचा तो नातू आणि एडचा पुत्र. त्याचा राज्यकाल इ. स. ९०० ते ९४३. अकराव्या शतकातला स्कॉटिश राजा मॅक्बेथ शेक्सपिअरच्या कृपेने सर्वतोमुखी झाला. त्याने सतरा वर्षे राज्य केले. ह्याने चाळिसांहून अधिक. पण ह्याला नाटककार लाभला नाही.

लाभले ते इतिवृत्तकार, आणि तेही बहुतांशी परके. स्वदेशातील मुख्य साधन म्हणजे ‘अल्बाच्या राजांचे इतिवृत्त’ हा लॅटिन लेख. अल्बा हे त्या राज्याचे गेलिक नाव. बखर म्हणताच मराठी वाचकाच्या मनात जे उभे राहते, ते येथे काहीच नाही: संवाद नाहीत, वर्णने नाहीत, लेखकाचा पत्ता नाही. एवढ्या दीर्घ राज्याला जेमतेम दहाबारा ओळी! उपलब्ध प्रत चौदाव्या शतकात यॉर्क येथे तयार झाली आणि आज ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दुसरे साधन आयर्लंडमधील मठांच्या नोंदींतून आलेले अल्स्टरचे वार्षिकवृत्त. त्याचा घाट आपल्या जेधे शकावलीसारखा आहे, वर्षामागून वर्ष, लढाया आणि मृत्यू. तिसरे इंग्लंडमधील ‘अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त’; त्याच्यावर वेसेक्सच्या राजघराण्याची छाया आहे. हे तिघे साक्षीदार एकाच राजाविषयी बोलतात, पण क्वचितच एकसारखे बोलतात.

आरंभी एक शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. अल्स्टरच्या वृत्तात ८७८ साली मारल्या गेलेल्या एडला, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या पित्याला, ‘पिक्टांचा राजा’ म्हटले आहे. ९०० साली कॉन्स्टंटाइनचा पूर्वाधिकारी डोनाल्ड मरण पावला तेव्हा त्याच वृत्तात ‘अल्बाचा राजा’ ही उपाधी प्रथम आढळते. बावीस वर्षांत लोकांच्या नावाची जागा देशाच्या नावाने घेतली. पिक्ट लोक कोठे नाहीसे झाले नव्हते. बदलले ते राज्याचे नाव.

राज्याच्या तिसऱ्या वर्षी व्हायकिंगांनी डंकेल्ड आणि सारा अल्बा लुटला. पुढच्याच वर्षी स्ट्रॅथर्न येथे त्यांचा संहार झाला. सहाव्या वर्षी स्कोन या राजनगरीजवळच्या टेकडीवर राजा आणि केल्लाख नावाचा बिशप यांनी धर्माचे नियम व चर्चचे हक्क पाळण्याची शपथ वाहिली, आणि त्या दिवसापासून तिला ‘श्रद्धेची टेकडी’ हे नाव पडले. या वाक्यातील एका लॅटिन शब्दप्रयोगावर बरीच शाई खर्ची पडली आहे. शपथ ‘स्कॉटांसह’ घेतली, की ‘स्कॉटांप्रमाणेच’ नियम पाळण्याची घेतली? पहिला अर्थ घेतला तर तो साऱ्या प्रजेचा समारंभ ठरतो. दुसरा घेतला तर पिक्टांच्या चर्चला गेलिक वळण लावल्याची ती नोंद ठरते. दोन शब्दांवर एका लोकसमूहाचे भवितव्य टांगलेले आहे.

९१८ साली टाइन नदीकाठी व्हायकिंग राजा रॅग्नल याच्याशी लढाई झाली. अल्बाचे इतिवृत्त एका वाक्यात सांगते की विजय स्कॉटांचा झाला. अल्स्टरचा वृत्तकार अधिक सविस्तर लिहितो. रॅग्नलच्या सैन्याच्या चार तुकड्या होत्या. अल्बाच्या लोकांनी समोर दिसणाऱ्या तीन मोडल्या; चौथी रॅग्नलसह दडून बसली होती, तिने पिछाडीवर झडप घालून मोठी कत्तल केली. तथापि अल्बाचा राजा वा कोणी ‘मॉरमेअर’, म्हणजे प्रांताधिपती, पडला नाही आणि रात्रीमुळे युद्ध थांबले. तिसरा वृत्तांत संत कथबर्टच्या धर्मसंस्थेचा. त्यानुसार कॉर्ब्रिज येथे रॅग्नल जिंकला आणि कॉन्स्टंटाइन पळाला. या संस्थेच्या जमिनी रॅग्नलने आपल्या अनुयायांना वाटून दिल्या होत्या. तिला राजांच्या कीर्तीपेक्षा आपल्या गावांची चिंता अधिक. विजय, अनिर्णय आणि पराभव असे तीन निवाडे हाती येतात. त्यांत आयरिश वृत्तकाराची साक्ष सर्वांत विश्वसनीय वाटते, कारण हरण्याजिंकण्यात त्याचे स्वतःचे काही अडकलेले नव्हते.

इंग्रज साक्षीदाराचे तसे नाही. ९२० साली स्कॉटांच्या राजाने एडवर्डला ‘पिता आणि स्वामी’ म्हणून निवडले, असे तो लिहितो. ९२७ साली एडवर्डचा पुत्र ॲथेल्स्टन याच्याशी इमंट येथे तह झाला. ९३४ साली ॲथेल्स्टन भूदल आणि आरमार घेऊन उत्तरेवर चालून गेला. बाराव्या शतकातील एका संकलनानुसार सैन्य डनॉटरपर्यंत आणि जहाजे केथनेसपर्यंत पोहोचली. अल्बाच्या इतिवृत्तात या स्वारीचा उल्लेखही नाही. पण त्याच वर्षी १३ सप्टेंबरला बकिंगहॅम येथे दिलेल्या ॲथेल्स्टनच्या दानपत्रावर कॉन्स्टंटाइन साक्षीदार आहे, ‘उपराजा’ या बिरुदाखाली. स्वदेशीय लेखकाचे मौन आणि परक्याचा दस्तऐवज यांत येथे दस्तऐवजच भारी ठरतो.

या ओळींचे मोल पुढे तलवारीइतके झाले. १२९१ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडवरील आपल्या अधिराज्याचे पुरावे शोधण्यासाठी मठांकडून जुन्या इतिवृत्तांतील उतारे मागविले; १३०१ साली पोप आठवा बोनिफेस यास लिहिलेल्या पत्रात ॲथेल्स्टनचा दाखलाही दिला. साडेतीन शतकांपूर्वीचा तह एका राष्ट्राच्या स्वातंत्र्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा करण्यात आला. स्वामी मानण्याचा अर्थ दहाव्या शतकात काय होता, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही.

कॉन्स्टंटाइनने तो अर्थ कसा लावला, हे ९३७ साली दिसले. डब्लिनचा राजा ओलाफ आणि स्ट्रॅथक्लाइडचे लोक यांच्यासह तो ब्रुनानबुर्ह येथे ॲथेल्स्टनविरुद्ध उभा राहिला. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात त्या वर्षाखाली चक्क एक काव्य घातलेले आहे. त्यात रणात पुत्र गमावून परतणाऱ्या या पिकल्या केसांच्या राजाची हेटाळणी आहे. अल्बाच्या इतिवृत्तात हेटाळणी नाही आणि शोकही नाही: लढाई झाली, तेथे कॉन्स्टंटाइनचा पुत्र पडला, इतकेच.

पराभवानंतरही राज्य टिकले. ॲथेल्स्टन ९३९ साली वारला. ९४३ च्या सुमारास वृद्ध कॉन्स्टंटाइनने मॅल्कमकडे राज्य सोपवून यतिदंड हाती घेतला; पुढील राजावल्यांनुसार तो सेंट अँड्र्यूज येथे मठाधिपती झाला. मॅल्कमने आपल्या सातव्या वर्षी टीस नदीपर्यंत इंग्रजांचा मुलूख लुटून माणसे आणि गुरे पळवून आणली. एरवी इतका मितभाषी असलेला इतिवृत्तकार येथे थबकतो आणि एक प्रवाद नोंदवतो: काहींच्या मते ही स्वारी कॉन्स्टंटाइनने केली, इंग्रजांच्या भेटीला जाता यावे म्हणून त्याने मॅल्कमकडे एका आठवड्यापुरते राज्य परत मागितले होते. मग तो स्वतःच दुरुस्ती करतो: स्वारी मॅल्कमचीच, चिथावणी मात्र कॉन्स्टंटाइनची. म्हातारा ९५२ साली वारला. अल्स्टरच्या शकावलीत त्याची नोंद मठाधिपती म्हणून नाही, अल्बाचा राजा म्हणून आहे.